बोट नाही, पोहणं जेमतेम, तरी शिडाच्या बोटीवर जायचंय? ठाणे-नवी मुंबईकर नवख्यांसाठी

ऑक्टोबर लागला की सोसायटीतलं कोणीतरी मला लिफ्टमध्ये गाठतंच. रविवारी तुम्ही ते बोटीचं काहीतरी करता म्हणे, आम्हाला पण यायचंय, पण बोट घ्यायला साधारण किती लागतात हो? मी सहाव्या मजल्यावर उतरते त्यामुळे उत्तर कधीच पूर्ण होत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

बोट घ्यायची नाही. सात सीझन झाले मला, माझ्या मालकीचं त्यातलं काय आहे तर एक टोपी, एक हातमोज्यांची जोडी आणि दीड मीटर दोरी. शिडाच्या बोटीला माणसं लागतात, एकाला सुकाणू धरायचं असतं, दोघांना दोऱ्या ओढायच्या असतात, एकाला नुसतं वजन म्हणून वरच्या कडेला बसायचं असतं, आणि ज्याची बोट असते त्याला रविवारी भल्या पहाटे उठणारी चार डोकी मिळत नाहीत हे त्याचं खरं दुःख आहे. ती चार डोकी म्हणजे आपण.

आमच्या क्लबला ऑफिस नाही, बिल्ला नाही, अध्यक्ष नाही. चौदा जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यातले सहा जण कधीच येत नाहीत पण गुड मॉर्निंग न चुकता टाकतात. ठाण्याचे तिघं, ऐरोलीचा एक, खारघरच्या दोघी बहिणी, मी नेरूळची, आणि दिवाळे कोळीवाड्यातले एक नाखवा, वय सत्तरीच्या आसपास, अख्खा जन्म होडीत गेला तरी आमच्या फायबरच्या बोटीवर येऊन बसतात कारण घरात करमत नाही. गेटवेच्या बाजूला एक बोट आम्ही दिवसाच्या भाड्याने घेतो, भाडं डोक्यांवर वाटतो, संपलं. गेटवेसमोरच रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, तो १८४६ चा, तिथल्या मेंबरशिपबद्दल मला विचारू नका, मी बाहेरून इमारत बघून पुढे जाते.

१. आधी पाण्याशी ओळख

पोहता आलंच पाहिजे का, हो, यायला हवं, पण ऑलिम्पिकसारखं नाही. लाइफ जॅकेट घालून दहा मिनिटं न घाबरता तरंगता आलं आणि नाकात पाणी गेल्यावर डोकं ठिकाणावर राहिलं की पुरे. कुठल्यातरी तरणतलावावर दोन महिने काढा, आणि एकदा तिथल्या प्रशिक्षकांना विचारून कपड्यांसकट उतरून बघा, भिजलेली जीन्स पायाला किती ओढते ते तेव्हाच कळतं आणि मग बोटीवर जीन्स घालून यायचा विचार कायमचा सुटतो. ठाण्यात तलावपाळीला मासुंदा तलावात पेडल बोट मारलीये असं सांगून एक जण आले होते आमच्याकडे, माणूस गोड, पण जॅकेट काढून सेल्फी घेत होते. लाइफ जॅकेट अंगात आणि बकल लावलेलं, यावर आमच्यात वाद होत नाही.

२. बोट शोधू नका, माणसं शोधा

गेटवे, मांडवा, गिरगाव चौपाटीच्या बाजूला शिडाच्या बोटी शिकवणारे आणि भाड्याने देणारे आहेत. दोन-तीन दिवसांचा बेसिक कोर्स करायचा असेल तर जरूर करा, पण माझं स्पष्ट मत, आधी एकदा कोणाबरोबर तरी नुसतं जाऊन या. कोर्समध्ये तुम्ही गिऱ्हाईक असता, ग्रुपमध्ये उपयोगाचे असता, आणि या खेळातली सगळी मजा त्या उपयोगाचं असण्यात आहे असं मला वाटतं. ऑफिसात बावीस वर्षं झाली, पण "आत्ता सोड!" म्हटल्यावर मी दोरी सोडली आणि बोट खरंच वळली, तेवढं तात्काळ समाधान मला कुठल्या अप्रेझलमध्ये मिळालेलं नाही.

पहिल्यांदा विचारताना "मला शिकवाल का" असं विचारू नका. "रविवारी माणूस कमी पडतोय का" असं विचारा. उत्तर लगेच येतं.

इथे सगळे हमखास विचारतात की अगं आपल्या दारात एवढी खाडी असताना गेटवेपर्यंत कशाला मरायला जायचं. खाडी आहे, पण ओहोटीला तिचा निम्मा चिखल उघडा पडतो, आमच्या बोटीला खाली जड कणा असतो त्याला खोल पाणी लागतं, वाशीच्या पुलांखालून उंच डोलकाठी न्यायची म्हणजे डोक्याला ताप, आणि वरचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला. तो चिखल फ्लेमिंगोंचा, त्यांना खाऊ द्या.

३. घरबसल्या भरती-ओहोटी

ही पायरी कोणी करत नाही आणि म्हणून मी हिच्यावर जास्त लिहिणार आहे.

कालनिर्णय काढा. तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पक्षांना हेच. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो म्हणून निघायच्या आधी छापील टाइड टेबल किंवा अ‍ॅप बघायचंच, पण कोकणातल्या आज्या हा हिशोब तोंडी करतात आणि मोबाइलची बॅटरी मेली तरी तो चालतो.

दुसरं, पाणी एकसारखं चढत-उतरत नाही. सहा तासांचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग पाणी हलतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात परत तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुंबईत भरती साडेचार मीटरच्या पुढेही जाते आणि ओहोटीही तशीच खोल, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा सगळं सौम्य.

सारसोळे जेट्टीवर किंवा तुमच्या जवळ जे काही पाणी असेल तिथे जाऊन एका खांबावर खूण धरा आणि दोन तास बसा. मी बसले तेव्हा नवऱ्याला वाटलं मी रुसून गेलेय.

हे एवढं का सांगते तर दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ग्रुपमधलं "पाणी बघणे" हे खातं माझ्याकडे होतं. त्रयोदशी. मी आदल्या रात्री ऐटीत मेसेज टाकला, भरती पावणेदहा. बरोबर होतं. ओहोटी पावणेचारला आहे आणि उधाणाचे दिवस आहेत हे काही मी लिहिलं नाही, आणि दुसऱ्या कोणी विचारलं नाही कारण पाणी बघणे माझ्याकडे. एकला निघालो, पाठीवर छान वारा, घारापुरीच्या बाजूला जरा जास्तच कडेने गेलो आणि अडीचच्या सुमाराला बोट हळूच, अगदी सोफ्यावर बसावं तशी चिखलात बसली. धक्का नाही, आवाज नाही. फक्त बाजूचं पाणी पुढे जात होतं आणि आपण नाही.

आता हिशोब बघा, ओहोटीच्या सव्वा तास आधी रुतलो म्हणजे ओहोटीनंतर सव्वा तासाने सुटणार, पाच वाजता. अडीच तास. बोट एका अंगावर कलली, आम्ही सगळे एका बाजूला घसरून बसलो, खारघरच्या मोठीने मेथीची धपाटी काढली, ऐरोलीवाल्याने लसणाची चटणी, आणि नाखवा काठावर पालथे झोपून चिखल बघत बसले. मी पण वाकले. चिखलावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या, बोटभर लांब, डोळे डोक्यावर, दोन पंखांवर कोपरं टेकल्यासारख्या पुढे सरकायच्या, मध्येच एक पाठीचा पंख पंख्यासारखा उघडायची आणि दुसरी तिच्या अंगावर धावून जायची. निवट्यांच्या बिळात हात कसा घालायचा, कालवण कसं करायचं हे सगळं नाखवांकडून त्या अडीच तासांत ऐकून झालं. मी तिसऱ्यांदा सॉरी म्हटल्यावर नाखवा म्हणाले, "पानी गेलंय, मेलं नाय. येल."

आलं. सुटलो, पण समोरून वारा आणि समोरूनच पाणी, शेवटी इंजिन लावून अंधारात पोचलो. तेव्हापासून आमच्या मेसेजमध्ये भरती आणि ओहोटी दोन्ही लिहितात, आणि माझं खातं "बर्फ आणणे" झालंय.

४. वारा

हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, थंड, हलका, दहा-अकराला तो मरतो आणि तास-दीड तास काहीच नसतं, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मार्च ते मे हा खारा वारा जोरदार, चारच्या सुमाराला तर टोपी उडवणारा. नवख्यांनी डिसेंबर-जानेवारीत यावं. दहा नॉट वारा, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, हा शिकायला मस्त. वीस म्हणाले तर पहिल्यांदा घरी थांबा, वाईट वाटून घेऊ नका.

५. पिशवी

पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा टीशर्ट, दोरीने बांधता येणारी टोपी, पांढरा सोल असलेले बूट (काळा सोल डेकवर डाग पाडतो आणि बोटवाला मनात शिव्या देतो), सनस्क्रीन, दोन लिटर पाणी, चष्म्याला दोरी, एक जोडी कोरडे कपडे. मोबाइल झिप असलेल्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये. आणि आलेपाक. बोट लागेल अशी भीती असेल तर रिकाम्या पोटी येऊ नका, आत केबिनमध्ये जाऊन बसू नका, क्षितिजाकडे बघा आणि आलेपाकाची वडी गालात धरा. पोहे खाऊन या, मिसळ खाऊन येऊ नका, हे अनुभवाचे बोल आहेत पण माझे नाहीत, ज्याचे आहेत तो ग्रुपमध्ये आहे.

६. पहिला दिवस

स्टेशनवर सहाला भेटायचं, हार्बरने सीएसएमटी, तिथून टॅक्सी. ठाणेकर मेनलाइनने येतात आणि पाच मिनिटं आधी पोचल्याची आठवण दिवसभर करून देतात.

बोटीवर चढताना एक हात बोटीला, एक स्वतःला. कोणीतरी सांगेल तिथे बसा. आणि शब्दांची तयारी ठेवा कारण इथे एक सापळा आहे जो फक्त मराठी माणसासाठी लावलाय. शीड म्हणजे ते मोठं कापड, ठीक. पण ते कापड आत-बाहेर करणाऱ्या दोरीला म्हणतात शीट. माझ्या पहिल्या दिवशी सुकाणूवरचे काका ओरडले "शीट ओढ", मला वाऱ्यात ऐकू आलं शीड, आणि मी उभी राहून दोन्ही हातांनी कापड धरून ओढायला लागले. बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, माझ्या कानाजवळून गेला. त्याला बूम का म्हणतात ते लागल्यावर कळतं असं काका म्हणतात. तेव्हा: शीट ही दोरी. शीड हे शीड. "रेडी टू टॅक?" (वळायला तयार?) विचारलं की हातातलं काम तयार असेल तरच "रेडी" म्हणायचं, नसेल तर बिनधास्त "थांबा" म्हणायचं, इथे थांबा म्हणण्यात कमीपणा नाही. जाईब (वारा मागून असताना घ्यायचं वळण, बूम झपकन दुसऱ्या बाजूला जातो) म्हटलं की आधी डोकं खाली, मग प्रश्न.

वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांच्या आत शिरलं की शीड नुसतं फडफडतं. म्हणून समोरून वारा असेल तर नागमोडी जायचं, एकदा या अंगाने एकदा त्या, ते वळण म्हणजे टॅक. शीड बोटीला आडवं ढकलायला बघतं, खालचा कणा आडवं जाऊ देत नाही, मग बोटीला पुढे सरकण्यावाचून इलाज उरत नाही. ओल्या साबणाची वडी दोन बोटांत दाबल्यावर सुटते ना पुढे, तसं काहीसं. वारा भरला की बोट कलते, पहिल्यांदा सगळ्यांचं काळीज हलतं, मी तर मुलांची नावं घेतली होती. पण कण्यात वजन असतं, बोट जितकी कलते तितकं ते वजन तिला परत सरळ खेचतं. लहान मुलांच्या छोट्या बोटींना असा जड कणा नसतो, त्या उलटतात आणि पोरं हसत हसत सरळ करतात. मुलं असतील घरात तर ऑप्टिमिस्ट नावाची बोट विचारा, २.३६ मीटरची, एकट्या पोराने चालवायची, वयाच्या पंधरा वर्षांपर्यंत.

मग शिडावर चिकटवलेले दोन लोकरीचे धागे बघायचे, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या. मला या खेळातलं सगळ्यात आवडतं काय तर हे. दोन्ही धागे सपाट मागे वाहत असतील तर शीड बरोबर. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा उडायला लागला तर शीट जरा ओढा, पलीकडचा लोंबायला लागला तर सोडा. बस. दोन इंच लोकर बघत मी तासन्‌तास बसू शकते, स्वेटर विणणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

सुकाणू दिलं हातात तर दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते हे लक्षात ठेवा, सगळे पहिल्यांदा उलटं करतात.

७. थोडे नियम

दोन शिडाच्या बोटी समोरासमोर आल्या तर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूचा वारा असेल तर जी वाऱ्याकडे आहे तिने. इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यावी असं पुस्तकात आहे, पण अरुंद चॅनलमध्ये मोठ्या जहाजाला अडवायचं नाही हेही त्याच पुस्तकात आहे, आणि कंटेनरचं जहाज जेएनपीटीला निघालंय आणि आपण हक्क सांगतोय असं करू नका, ते थांबतच नाही. नेव्हीच्या भागापासून लांब राहायचं, तिकडे मोबाइल रोखून फोटो काढायचे नाहीत. कोस्ट गार्डचा नंबर १५५४ सेव्ह करून ठेवा. कुठे चाललोय, कधी परत येणार, हे काठावरच्या एकाला सांगून निघायचं.

८. काही न घडणारा वेळ

वारा पडतो. अकरा ते साडेबाराच्या मध्ये बोट एका जागी गोल फिरत राहते, शीड ओल्या चादरीसारखं लोंबतं, फेरीबोटी बाजूने जाताना लोक हात हलवतात आणि आपण उगाच काहीतरी करत असल्याचा आव आणतो. नवखी माणसं इथे कंटाळतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. जी टिकतात ती याच वेळामुळे टिकतात असं माझं निरीक्षण आहे. रेंज येते-जाते, थर्मासमधला चहा निघतो, कोणी काय नोकरी करतं हे मला काहींचं अजून माहीत नाही पण कोणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहितीये. एकदा वारा यायची वाट बघत काकांनी दिलीप दोंद्यांची गोष्ट सांगितली, २००९-१० मध्ये ते म्हादेई बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. मग तारिणी बोटीवरून अशीच प्रदक्षिणा केलेल्या नेव्हीच्या सहा मुली, २०१७-१८. खारघरची धाकटी ऐकत ऐकत झोपली आणि तिच्या गालावर दोरीचा वळ उठला.

परत आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुणं, दोऱ्या गुंडाळणं, शीड घडी करणं यात पाऊण तास जातो. हे काम टाळून टॅक्सी बोलावणारा माणूस आमच्यात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. कोणी तोंडावर काही म्हणत नाही, फक्त मेसेज येत नाही.

९. पैसे

भाडं भागिले माणसं, चहा-वडापाव धरून. एका माणसाने हिशोब ठेवायचा, त्याच रात्री पाठवायचा, त्याच रात्री भरायचे. आयत्या वेळी आला नाहीत तरी तुमचा वाटा द्यायचा, कारण बोट तुमच्यासाठीही ठरवली होती. बाकी कशावर नाही एवढे ग्रुप यावर फुटतात.

१०. पावसाळा

जून ते सप्टेंबर बंद. कोळ्यांची यांत्रिक बोटींवरची मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि ज्यांचं पोट त्यावर आहे ते थांबतात तर आपण कोण. नारळी पौर्णिमेला नाखवांच्या घरी नारळीभात असतो, आम्ही सगळे जातो, तेव्हापासून चुळबुळ सुरू होते, पण ऑक्टोबरपर्यंत कळ काढायची.

तोवर गाठी शिका. बोलाइन, फिगर एट आणि क्लोव्ह हिच, तीनच. बोलाइन ओढल्यावर घट्ट बसते, ओढ गेली की सहज सुटते, नवख्याला ही एक आली तरी त्याला बोटीवर जागा आहे. दीड मीटर दोरी पर्समध्ये ठेवा, ट्रेनमध्ये खिडकीच्या गजाला बांधून सराव करा. मी लेडीज डब्यात करायचे, मानखुर्दपर्यंत बायका संशयाने बघायच्या, वाशीला एकीने विचारलं की हे मॅक्रमे आहे का, क्लास कुठे आहे. तिला मी खरं काय ते सांगितलं. खारघरची मोठी ती हीच.

आणि हो, रविवारी परत येताना हार्बरचा मेगाब्लॉक बघून ठेवा.